मीठ फुटलेल्या रानातली पीएच.डी.

मी मायक्रोबायोलॉजीची. बी.एस्सी. सांगलीत केली, एम.एस्सी. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात. पीएच.डी.ला विषय ठरवताना माझा हट्ट एकच होता, काम कृष्णाकाठच्या क्षारपड रानात करायचं. मिरज, वाळवा भागात उन्हाळ्यात बघा, काळ्या जमिनीवर पांढरा पापुद्रा दिसतो. ‘मीठ फुटलंय’ म्हणतात आमच्याकडे. भारी जमीन, उसाला पाटानं सारखं पाणी, निचरा नाही. मग जमिनीखालची पाणीपातळी वर येते आणि क्षार पृष्ठभागावर आणून सोडते. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेलं की जमीन चोपण होते, म्हणजे सोडियमनं बिघडते.

प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क, समितीपुढचं सादरीकरण, सहामाही अहवाल हे सगळ्यांनाच चुकत नाही, त्यावर जास्त लिहीत नाही.

ज्यांच्या रानात मी नमुने घ्यायचे त्या आप्पांनी सुरुवातीलाच विचारलं, “पोतंच्या पोतं टाकतोय, तरी ऊस पिवळाच. युरिया जातोय कुठं?” माझ्या प्रबंधाचा प्रश्न यापेक्षा नेमका कुणी मांडला नाही. युरियात ४६ टक्के नत्र असतं. मातीतल्या युरिएज एन्झाइमनं त्याचा अमोनियम होतो, आणि सामू जास्त असला की त्यातला बराच अमोनिया वायू होऊन हवेत उडतो. उरलेल्यावर दोन प्रकारचे जिवाणू काम करतात. एक अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. खारट, अल्कधर्मी मातीत या दुसऱ्यांना जास्त त्रास होतो, म्हणून नायट्राइट साचतं. पुढं पाणी तुंबून ऑक्सिजन संपला की वेगळे जिवाणू नायट्रेटच श्वसनाला वापरतात, आणि वाटेत नायट्रस ऑक्साइड सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबानं तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २७३ पट उष्णता धरतो.

हा वायू मोजायचा तर युरिया टाकून पाणी दिल्यानंतरचे पहिले काही दिवस हाती लागलेच पाहिजेत. शेतीपंपाची लाइट कधी दिवसा, कधी रात्री. आप्पांचा फोन यायचा, “ताई, आज रात्रीची लाइट हाय, पाणी बसतंय.” की सकाळी मी आइसबॉक्स, सिरिंजा, हवा काढलेल्या कुप्या घेऊन सरीत हजर. जमिनीत आधीच बसवलेल्या गोल कड्यावर चेंबर, म्हणजे वायू कोंडून धरणारा बंद डबा, ठेवायचा, रबरी बुचातून ठरावीक मिनिटांनी वायू ओढायचा. वेळ साधारण दहाच्या सुमाराची, कारण तेव्हाचं मातीचं तापमान दिवसभराच्या सरासरीजवळ असतं. काळी माती सुकली की भेगाळते, आणि कड्याखालून भेग गेली तर वायू तिथूनच निसटतो. म्हणून प्रत्येक वेळी कड्याभोवती ओली माती दाबून घ्यायची. त्याच जागची माती लगेच बर्फात. वायू एका दिवशीचा आणि माती दुसऱ्या दिवशीची असेल तर दोन्ही आकडे एकमेकांबद्दल काहीच सांगत नाहीत, हे माझं ठाम मत आहे.

प्रयोगशाळेत क्षारांनी पाठ सोडली नाही. नायट्रेट मोजायच्या फिनॉल डायसल्फॉनिक आम्लाच्या जुन्या पद्धतीत क्लोराइड जास्त असलं की नायट्रेट कमी दिसतं, आणि आमच्या मातीत क्लोराइड भरपूर. सिल्व्हर सल्फेट घालून ते आधी काढावं लागायचं. चिकणमाती डीएनए धरून ठेवते, सोडत नाही. त्यावर दूध पावडर मिसळायचा उपाय मला फार आवडला, कारण पावडरीतली प्रथिनं मातीला आधी चिकटतात आणि डीएनए मोकळा राहतो. जिवाणू ओळखायला डीएनएशिवाय भागत नाही, कारण मातीतल्या जिवाणूंपैकी फार थोडे पेट्रीडिशवर वाढतात. शेतकऱ्याला मिळणाऱ्या माती तपासणीच्या सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेवर नत्र, स्फुरद, पालाश, सामू धरून १२ गोष्टी असतात, पण हे सगळं घडवणाऱ्या जिवांची एक ओळही नसते. ती असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात नदीकडची रानं पाण्याखाली गेली, माझी कडीही. पाणी ओसरल्यावर आप्पांचं घर आवरणं चाललं होतं, तरी त्यांनी मला रानात जायला वाट करून दिली. तिथं पुस्तकातला क्रम डोळ्यांपुढं होता: आधी ऑक्सिजन संपतो, मग नायट्रेट, मग मँगनीज आणि लोह, शेवटी सल्फेट. खालच्या थरातल्या मातीला सडक्या अंड्यांचा वास येत होता. त्या नमुन्यांवर प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण उभं राहिलं.

व्हायवा झाली, पदवी मिळाली. आता मी सच्छिद्र पाइप घालून निचरा केलेल्या रानांत काम करते. तिथं पाणीपातळी खाली जाते, क्षार धुऊन निघतात, ऊस सुधारतो. पण पाइपातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षारांबरोबर नायट्रेटही असतं, ते ओढ्याला आणि पुढं कृष्णेला मिळतं. म्हणून सरीतल्या चेंबरइतकाच नमुना आता पाइपाच्या तोंडाशीही घेते, आणि दोन्हींचा हिशेब एकत्र मांडते.