इरलं, आकडी आणि काळी आकृती

आजचा दिवस चित्रकथेतल्या एकाच पात्राला दिला: धुक्यात हरवलेल्यांना घाट उतरवून देणारी १२ वर्षांची वाटाडी. पहिल्या चित्रात तिच्याकडे धनुष्य, भाता, कोयता, कंदील आणि पाठीवर इरलं, म्हणजे पावसासाठीचं पानांचं विणलेलं आच्छादन.

अभिप्राय घेताना ‘कसं वाटलं?’ विचारू नये, ‘छान’पलीकडे काही हाती लागत नाही. चित्र ५ सेकंद दाखवायचं, झाकायचं आणि विचारायचं, ‘ही कोण? काय करते?’ चौघांपैकी तिघं म्हणाले, ‘शिकारी.’ म्हणजे धनुष्य गेलंच पाहिजे. तसंही इरल्यानं पाठ झाकलेली असताना बाण काढायला हात मागे जाणार कसा? कोयता ठेवला, पण कमरेला नुसता खोचलेला नाही. चढताना मांडी कापेल. कोकणात असतो तसा लाकडी आकडीत अडकवला. या एका आकडीनं ती रानात राबणारी वाटायला लागली!

मग नुसत्या बाह्यरेषेवरून ती ओळखू येते का हे बघायला आकृती पूर्ण काळी भरून २ सेंटिमीटरएवढी केली. कंदील पोटासमोर होता, तो काळ्यात गडप. काठीच्या टोकाला, अंगापासून लांब टांगल्यावर बाह्यरेषेतच वाटाडी दिसली.

उंची साडेसात डोक्यांची, म्हणजे डोक्याच्या साडेसात पट, धरल्यानं ती मोठी बाई वाटत होती. सहा डोक्यांवर वय जुळलं. रंग तीनच: वाळक्या पानांचा तपकिरी, परकराचा निळा, आणि पिवळा फक्त कंदिलात.

इरल्याची वीण अजून जड आहे. दर चौकटीत काढायची तर दहा-बारा रेषांत बसायला हवी.