बावीस लाद्यांचा पल्ला

आमच्या घरात स्वयंपाकाच्या ओट्यापासून गॅलरीच्या ग्रिलपर्यंत बरोबर २२ लाद्या आहेत. लादी एक फुटाची. इतकी वर्षं राहून मला हे माहीत नव्हतं. मे महिन्यात भाचा राहायला आला, आम्ही दोघं ट्रेबुशे बांधायला बसलो, तेव्हा मोजाव्या लागल्या.

ट्रेबुशे म्हणजे मध्ययुगात किल्ल्यांचे तट फोडणारं लाकडी यंत्र. बेचकीसारखं रबर नाही की काही ताणणं नाही. उंच घोडीवर एक दांडी आडवी टाकलेली. तिच्या आखूड टोकाला जडशीळ वजन आणि लांब टोकाला चक्क गोफण. वजन खाली आलं की दांडी उसळते, गोफण जमिनीवरून फरफटत येते, गर्रकन वर फिरते आणि दगड सुटतो. एका टोकाला धोंडा बांधून विहिरीतलं पाणी काढायची दांडी असते ना, तिचं आणि शेतातली पाखरं हाकलायच्या गोफणीचं लग्न लावलं तर असंच पोर होईल.

माझी त्याच्याशी ओळख दादरच्या एका सायबर कॅफेत झाली. १९९९ साली ‘एज ऑफ एम्पायर्स’ या खेळाचा दुसरा भाग आला, त्यात ट्रेबुशे होतं. आधी ते गाठोडं बांधून न्यायचं, शत्रूच्या बाणांच्या टप्प्याबाहेर थांबवायचं, उलगडायचं आणि मगच मारा. शेजारच्या खुर्चीतला मित्र ‘अरे मार, मार’ म्हणून बोंबलतोय आणि आपलं यंत्र निवांत हातपाय पसरतंय. तासाचे पैसे संपत आलेले असायचे.

भाच्याचं प्रकरण अधिक शास्त्रशुद्ध. त्याच्याकडे सिम्युलेटर. दांडीची लांबी, वजन, गोफणीची लांबी, सगळे आकडे भरायचे आणि बटण दाबायचं. समोर हिरवंगार, न संपणारं मैदान. (मुंबईत असं मैदान पडद्यावरच मिळायचं.) वजनाच्या साधारण शंभराव्या हिश्शाएवढा दगड असला की यंत्र झकास चालतं, हे आम्हाला तिथेच कळलं. म्हणजे एक किलो वजनाला दहा ग्रॅम. एक किलो म्हणजे मिठाची पिशवी. दहा ग्रॅम म्हणजे देवघरातली बरी जाड सुपारी. आकडे भरले. पल्ला आला २५ मीटर! आम्ही टाळ्या दिल्या.

मग खरं यंत्र. घोडी हापूसच्या पेटीच्या फळ्यांची, खिळ्यांसकट फुकट. दांडी जुन्या झाडूची, आस आईच्या विणकामाच्या सुईचा, गोफण माझ्या रुमालाची. सगळी गंमत मात्र दांडीच्या टोकाला ठोकलेल्या, डोकं छाटलेल्या एका खिळ्यात होती. गोफणीची एक दोरी दांडीला पक्की, दुसरीची कडी या खिळ्यात नुसती अडकवलेली. ती निसटते त्या क्षणी सुपारी सुटते. खिळा सरळ ठेवला तर कडी लवकर निसटते. आमची पहिली सुपारी थेट पंख्यावर. पकडीने खिळा पुढे वाकवला, तर कडी उशिरा निसटली आणि सुपारी समोरच्याच लादीवर आपटली. या दोन्हींच्या मधे कुठेतरी, तांदळाच्या दाण्याएवढ्या वाकात, खरा नेम लपलेला असतो. तो सिम्युलेटरमध्ये आकडा भरून मिळतो. इथे पकड, डोळा आणि पाऊण तास.

पाचव्या फेकीला मिठाची पिशवी फाटली. सांडलेलं मीठ पुढच्या जन्मी पापण्यांनी वेचावं लागतं, असं आजी म्हणायची. आईने याच जन्मात केरसुणी हातात दिली आणि म्हणाली, “आता पुरे करा रे.”

पण पुरे कसं करणार? १३०४ साली इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. तिथे त्याने ‘वॉरवुल्फ’ नावाचं प्रचंड ट्रेबुशे बांधवलं. किल्ल्यातले लोक शरण यायला तयार झाले, तर हा ऐकेना. यंत्र चालवून बघितल्याशिवाय शरणागती घेणार नाही! लोक त्याला क्रूर म्हणतात, आणि होताच तो. पण हौसेने बांधलेलं यंत्र न चालवता मोडायचं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी मिठात बसून समजलं.

आता अडचण उलटी होती. जगभर ट्रेबुशेवाले पल्ला वाढवायला धडपडतात. इंग्लंडमधल्या श्रॉपशायरच्या ह्यू केनेडी नावाच्या हौशी माणसाने तर ट्रेबुशेतून पियानो उडवले. आम्हाला २२ लाद्यांच्या आत पडणारं यंत्र हवं होतं. उरलेलं मीठ मोज्यात भरलं, ते निम्मंही नव्हतं. सुपारी सतराव्या लादीवर, अठराव्या, पुन्हा सतराव्या. वा!

तेवढ्यात भाच्याने मोडक्या ट्रकची चाकं घोडीला बसवली. म्हटलं बरंच झालं, सगळा जोर गाडा मागेपुढे करण्यातच जाईल. झालं भलतंच. चाकांमुळे गाडा पुढेमागे सरकतो आणि वजन जास्त सरळ खाली येतं, म्हणजे जोर उलट सुपारीलाच मिळतो. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी फक्त ग्रिलच्या चौकोनातून काहीतरी सुळकन गेलेलं दिसलं आणि खालून, स्कूटरींवरच्या पत्र्यावरून, टण्ण आवाज आला.

आम्ही दोघंही गॅलरीत खाली बसलो. वॉचमन शिट्टी वाजवत होता.

“मामा,” भाचा कुजबुजला, “पत्र्यापर्यंत किती लाद्या धरायच्या?”