दोनशे किलो आणि कोथिंबिरीची जुडी

कोथिंबिरीची एक जुडी, चार लिंबे आणि आल्याचा एक तुकडा एवढ्या सामानासाठी जवळजवळ 200 किलोंचे यंत्र रस्त्यावर काढणे कोणत्याही हिशेबात बसत नाही, हे मला मान्य आहे. तरीही गेली सहा वर्षे मी ते जवळजवळ रोज करतो. माझी गाडी रॉयल एनफील्डची 411 सीसीची हिमालयन. कागदावर तिचे वजन 199 किलो आहे. ती घेतली तेव्हा नावाप्रमाणे तिने डोंगर चढावेत अशी माझी कल्पना होती, आणि एकदा मनालीहून लेहला जाताना तिने ते बिनतक्रार केलेही. परंतु आज मीटरवर जे 31,000 किलोमीटर दिसतात त्यांत लांबच्या प्रवासांचे जेमतेम 7,000 भरतील. बाकीचे जवळजवळ सगळे पुण्यातल्या पुण्यात, कोथरूड, डेक्कन, शनिपार, मंडई आणि परत कोथरूड असे जमा झालेले आहेत.

या फेऱ्यांनी मला एक गोष्ट शिकवली, जी लेहच्या रस्त्याने शिकवली नव्हती. गाडीचे वजन ती पळत असताना नसतेच. सत्तर-ऐंशीच्या वेगाने जाणारी अवजड मोटारसायकल आपला तोल बराचसा आपणच सांभाळते. पुढचे चाक किंचित इकडेतिकडे वळून स्वतःला सावरून घेत असते, आणि चालवणाऱ्याने त्यात फार ढवळाढवळ करू नये एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. वेग उतरू लागला की ते वजन कुठूनसे परत यायला लागते, आणि सिग्नलला पाय टेकताक्षणी सगळेच्या सगळे 199 किलो आपल्या डाव्या मांडीला येऊन भेटतात. म्हणून ‘एवढी मोठी गाडी हायवेला सांभाळता कशी?’ असे कोणी कौतुकाने विचारले की मला अवघडल्यासारखे होते. हायवेला तिला सांभाळावेच लागत नाही. सांभाळावे लागते ते मंडईच्या कडेला, पुढे हातगाडी, मागे रिक्षा आणि शेजारी पिशव्या सावरत रस्ता ओलांडणाऱ्या आजी असताना, माणसाच्या चालीने सरकताना. तिथे हाफ क्लच आणि मागचा ब्रेक एवढीच दोन शस्त्रे असतात, आणि नजर मात्र जायचे आहे तिकडे, दूर ठेवावी लागते. खाली खड्ड्याकडे पाहिले की गाडी खड्ड्यातच जाते.

पुढच्या ब्रेकचे नाव मी मुद्दामच घेतले नाही. पहिल्याच वर्षी सोसायटीच्या फाटकातून आत वळताना, हँडल पूर्ण उजवीकडे वळलेले असताना, कोणाचा तरी चेंडू टप्पे खात समोर आला आणि मी सवयीने पुढचा ब्रेक दाबला. वळलेल्या चाकावर पुढचा ब्रेक दाबला की गाडी ज्या बाजूला कलली असेल त्या बाजूला सरळ आडवी होते. वेग पाच किलोमीटर असो वा तीन, त्याने काही फरक पडत नाही. मी उडी मारून बाजूला झालो, आणि गाडी लेग गार्डावर अगदी सावकाश, एखाद्या म्हशीने बसावे तशी बसली. चेंडूवाला मुलगा माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले, “काका, बोलावू का कोणाला?” त्याच्या आवाजातली दया मला अजून आठवते.

कोणालाही न बोलावता अशी गाडी उचलता येते, हे मी नंतर शिकलो. हँडलला धरून ओढू गेलो तर कंबर जाते. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर आधी तिचा साइड स्टँड बाहेर काढून ठेवायचा, कारण तो डाव्या बाजूला असतो, आणि ती उभी राहून पलीकडे जाऊ लागली तर तोच तिला अडवतो. गिअर टाकायचा, म्हणजे चाक घरंगळत नाही. मग गाडीकडे पाठ करून उकिडवे बसायचे, कंबर सीटच्या कडेला टेकवायची, एका हाताने हँडलची जवळची मूठ आणि दुसऱ्याने मागची चौकट धरायची, आणि मागे मागे लहान पावले टाकत पायांच्या जोरावर उठायचे. दृश्य फारसे शोभिवंत नसते, पण गाडी उभी राहते.

अशा गाड्या ज्या रस्त्यांसाठी घडवल्या जातात, त्या रस्त्यांशी आमच्याकडे त्यांचे जमतही नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर आहे, आणि 2024 मध्ये खुल्या झालेल्या, जवळजवळ 22 किलोमीटर लांबीच्या अटल सेतूवरही आहे. तिथून अवघ्या 800 सीसीची जुनी मोटार खुशाल जाऊ शकते. त्याहून दुप्पट मोठ्या इंजिनाची, चार-पाचशे किलोमीटर न थकता पळणारी मोटारसायकल मात्र जुन्या रस्त्याने खंडाळ्याच्या घाटात ट्रकांच्या मागे धूर खात जाते. बंदीमागे सुरक्षिततेची कारणे आहेत आणि ती मला पटतातही. तरी लक्ष्मी रस्त्यावर जिला कोणी अडवत नाही तिला मोकळ्या रस्त्यावर अडवतात, हे पाहून मौज वाटल्याशिवाय राहत नाही.

पार्किंगच्या बाबतीत मात्र ही गाडी माणसाला विचारी बनवते. त्यापूर्वी पुण्यातले रस्ते मला सपाट वाटत असत. रस्ता मध्ये फुगीर आणि कडेला उतरता असतो, आणि डाव्या कडेला गाडी लावली की ती आधीच डावीकडे कललेली असल्यामुळे गटाराकडे आणखी झुकते व पुन्हा सरळ करताना घाम काढते. उजव्या कडेला लावावी तर ती इतकी ताठ उभी राहते की जाणाऱ्याचा धक्काही पुरेल अशी भीती वाटते. सम-विषम तारखेप्रमाणे बाजू बदलते, म्हणून आज कोणती भीती बाळगायची ते कॅलेंडर पाहून ठरवावे लागते. त्यात या गाडीला रिव्हर्स गिअर नाही. होंडाच्या गोल्ड विंगसारख्या साडेतीनशे किलोंच्या पुढच्या महाकाय गाड्यांना तो असतो. आम्हा मधल्या वर्गाला पाय टेकून, सीटवर बसल्या बसल्या पोहत असल्यासारखे मागे जावे लागते. उताराकडे तोंड करून भिंतीला नाक लावले, की ती गाडी एकट्याने परत निघत नाही. याची एक भरपाई आहे. आमच्याकडे दुसऱ्याची स्कूटर मागून धरून हळूच सरकवणे आणि आपल्यासाठी जागा करणे यात कोणाला काही गैर वाटत नाही. माझ्या गाडीला हात लावून लोक क्षणभर थबकतात आणि पलीकडची स्कूटर सरकवतात. नो पार्किंगमधल्या गाड्या उचलणाऱ्या टेम्पोतल्या पोरांनीही एकदा तिच्याकडे पाहून शेजारची मोपेड उचलली. नियम मीही मोडला होता. लाज वाटली, पण पुरेशी वाटली नाही.

गावातल्या गावात फिरणे या गाडीच्या प्रकृतीलाही मानवत नाही. अशा थांबत थांबत केलेल्या छोट्या फेरीत इंजिन नीट तापत नाही आणि तेलातला ओलावा उडून जात नाही. दहादा स्टार्टर मारून खर्च झालेली बॅटरी तेवढ्या अंतरात भरून निघत नाही, आणि किक तर हिला नाहीच. चेनला साधारण 500 किलोमीटरांनी तेल द्यायचे असते. प्रवासात तो दीड दिवसाचा हिशेब असतो. इथे तेवढे अंतर व्हायला दीड महिना लागतो, आणि तोवर पाऊस आणि धूळ आपले काम करून गेलेली असतात. म्हणून एखाद्या रविवारी सकाळी मी तिला खडकवासल्याच्या पुढे, पानशेतच्या बाजूला नेऊन आणतो. घरात मी ते इंजिनाच्या आरोग्यासाठी म्हणून सांगतो.

एवढे असूनही मी तिच्याऐवजी स्कूटर घेत नाही, याचे कारण गणपतीच्या आदल्या दिवशी कळते. शाडूची मूर्ती घरी आणायची असते, आणि आमच्या रस्त्यावर त्या दिवसांत खड्डे आणि मांडवांचे वासे यांतून वाट काढावी लागते. भाचा डोक्यावर टोपी घालून, मूर्ती मांडीवर घेऊन मागे बसतो. 21 इंचांचे पुढचे चाक आणि त्याचे 200 मिलिमीटर खालीवर होणारे शॉकअब्सॉर्बर यांच्यापुढे ते खड्डे काहीच नसतात; गाडी त्यांच्यावरून जड बैलगाडीसारखी डुलत, पण दणका न देता जाते. सोंड, कान, हातातला मोदक सगळे शाबूत घरी पोहोचते. गेल्या वर्षी तर वाटेत भाच्याला डुलकी लागली.

काल संध्याकाळी मी मंडईतून परतलो, तेव्हा पार्किंगमध्ये माझ्या जागेवर कोणाकडे आलेल्या पाहुण्यांची मोटार होती. उरलेल्या कोपऱ्यात, उताराकडे तोंड करून, भिंतीला नाक लावून गाडी उभी केली आणि वर गेलो. पिशवीतून भाजी काढता काढता बायकोने विचारले, “आणि दही?” मी किल्ली खुंटीला अडकवली, स्टीलचा डबा उचलला आणि चालत निघालो.