पगारपत्रकाचा तास

‘आयटीआयमध्ये नेमके काय शिकवता?’ या प्रश्नाला मी ‘एम्प्लॉयबिलिटी स्किल्स’, म्हणजे नोकरीसाठी लागणारी कौशल्ये, असे उत्तर दिले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: असले काही शिकवता येते का, आणि पोरांना त्यात रस नसताना तुम्ही रोज हुरूप कुठून आणता? सासरच्या मंडळींपासून एसटीत शेजारी बसणाऱ्यांपर्यंत अनेकांनी हे विचारून झाले आहे. मी अजून शिकाऊच आहे. निदेशक, म्हणजे आयटीआयमधला शिक्षक, होण्याचे प्रशिक्षण पूर्ण व्हायचे आहे आणि सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या आयटीआयमध्ये सध्या माझे सराव पाठ चालू आहेत. तेव्हा हे उत्तर मुरलेल्या शिक्षकाचे नव्हे, एवढे आधीच सांगते.

वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), जोडारी (फिटर), संधाता (वेल्डर) अशा कोणत्याही व्यवसायाला (ट्रेडला) प्रवेश घेतला तरी पहिल्या वर्षी या विषयाचे 120 तास असतात. संविधानातील मूल्ये, इंग्रजी संभाषण, संगणक, आर्थिक व कायदेविषयक साक्षरता, ग्राहकसेवा, मुलाखतीची तयारी असे बरेच काही त्यात बसवलेले आहे. मुले त्याला नुसते ‘ईएस’ म्हणतात. सकाळभर वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून, कपड्यांना जळका वास घेऊन आलेल्या मुलांना दुपारी ‘सकारात्मक दृष्टिकोन’ समजावून सांगायचा, अशी या तासाची गत असते.

याआधी सहा वर्षे मी एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात होते. मुलाखतीला आलेली मुले कुठे अडखळतात हे टेबलाच्या पलीकडून पाहिले होते, म्हणून मुलाखतीवरचा पाठ मी मोठ्या आत्मविश्वासाने घेतला. मुलांनी ‘मायसेल्फ’पासून सुरू होणारी, पाठ केलेली ओळख ओळीने म्हणून दाखवली. प्रत्येकाचा गुण ‘हार्ड वर्क’ आणि प्रत्येकाचा दोष ‘लोकांवर पटकन विश्वास ठेवतो’. तास वेळेवर संपला. मागच्या बाकावर बसून निरीक्षण करणारे ज्येष्ठ निदेशक वही मिटत म्हणाले, ‘मॅडम, पाठाचे टाचण उत्तम आहे; पण एवढ्या वेळात एकाही पोराने तुम्हाला काही विचारले नाही.’ ते मला लागले. रात्री टाचण पुन्हा काढले, तेव्हा दिसले की त्यात विद्यार्थ्यांनी फक्त उत्तरे द्यायची होती. कसे बसावे, काय बोलावे, साहेबाला काय आवडेल, हेच सगळे. नोकरी सुटली होती, तरी मी टेबलाच्या पलीकडेच बसलेली होते.

पुढच्या आठवड्यात आर्थिक साक्षरतेचा पाठ होता. मी फळ्यावर एक काल्पनिक पगारपत्रक मांडले. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 14,000, घरभाडे भत्ता 2,000, एकूण 16,000. मग कपाती: भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के म्हणजे 1,680, ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) 0.75 टक्के म्हणजे 120 आणि व्यवसाय कर 200. हातात 14,000. ‘दोन हजार गेले कुठे?’ एवढेच विचारून मी गप्प बसले. सुरुवातीला कुजबुज झाली, मग एकाने ठामपणे सांगितले की ते पैसे कंपनीच खाते. निधीत आपल्याइतकीच रक्कम मालकानेही भरायची असते आणि ती खरोखर भरली की नाही हे आपल्या यूएएन, म्हणजे निधीच्या खाते क्रमांकावरून मोबाइलवर पाहता येते, हे ऐकल्यावर शेवटच्या बाकावरचेही पुढे सरकले. कोणाच्या वडिलांचा यूएएन होता, कोणाच्या भावाचा. पासवर्ड मात्र कोणालाच ठाऊक नव्हता.

मग एकाने विचारले, ‘व्यवसाय कर फेब्रुवारीत 300 का कापतात?’ अकरा महिन्यांचे 200 आणि एका महिन्याचे 300 मिळून वर्षाचे 2,500 होतात, आणि राज्याला यापेक्षा जास्त व्यवसाय कर घेता येत नाही, कारण संविधानाच्या अनुच्छेद 276 मध्येच ती मर्यादा घातलेली आहे. संविधानाचा पाठ मी खरे तर महिनाभरापूर्वी उरकला होता आणि त्या वेळी अर्धा वर्ग जांभया देत होता.

त्याच ओघात मी सांगितले की महाराष्ट्रात महिलांना दरमहा 25,000 रुपयांपर्यंतच्या पगारावर हा कर एप्रिल 2023 पासून माफ आहे. वीजतंत्रीच्या वर्गातली, एरवी हजेरीपुरते तोंड उघडणारी एक मुलगी उभी राहिली. ‘मॅडम, माझी ताई शिरवळला कंपनीत आहे. पगार 18,000. तिचे दर महिन्याला 200 कापतात.’ दुसऱ्या दिवशी ती ताईचे पगारपत्रक घेऊन आली. कपात खरोखरच होती.

आम्ही त्या दिवशी अर्जलेखनच घेतले: ही कपात थांबवा, असा ताईच्या कंपनीला अर्ज. मुलांच्या पहिल्या मसुद्यात ‘नम्र विनंती’ तीनदा आणि ‘तसदीबद्दल माफी असावी’ एकदा होते. संधात्याचा एक मुलगा म्हणाला, ‘पैसे त्यांनी कापले, मग माफी आपण कशाला मागायची?’ यावर दहा मिनिटे वाद झाला. नमुना म्हणून मी त्यांना कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्याविषयी सांगितले. 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने त्यांनी निवेदन दिले, त्यात आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत, अशा मोजक्या मागण्या होत्या. रविवारची सुट्टी मिळायला 1890 साल उजाडले. ‘म्हणजे सहा वर्षे?’ असे म्हणून त्या मुलीने ताईचा अर्ज पुन्हा एकदा वाचला.

हुरूप कुठून येतो याचे माझ्याकडे असलेले उत्तर हे एवढेच आहे. प्रशिक्षणात आम्हाला प्रेरणादायी व्हिडिओ पुष्कळ दाखवतात. त्यांचा अंमल माझ्यावर तरी चहा संपेपर्यंतही टिकत नाही. वर्गातला एखादा प्रश्न मात्र मला दोन-दोन रात्री कायदा वाचायला बसवतो. मुलाखतीची तयारी मी आजही घेते, कारण नोकरी तर लागलीच पाहिजे. फक्त आता प्रत्येकाने शेवटी साहेबाला कामाविषयी किंवा पगाराविषयी एक प्रश्न विचारायचाच, असा नियम केला आहे, आणि साहेबाच्या खुर्चीत मी आळीपाळीने मुलांनाच बसवते.

ताईचे 200 रुपये पुढच्या महिन्यात कापले गेले नाहीत. आधी कापलेले अजून परत मिळालेले नाहीत. परवा तीच मुलगी त्यासाठीचा दुसरा अर्ज स्वतः लिहून घेऊन आली. चार ओळींचा, महिन्यांच्या हिशेबासह. माफी कुठेही नाही. दिनांकाची जागा तिने मोकळी सोडली होती, ती तेवढी मी तिला भरायला लावली.