सोरायसिसचा चट्टा त्याच जागी पुन्हा का उठतो?

कोपरावरचा चट्टा जातो, कातडी नितळ होते आणि काही महिन्यांनी नेमक्या त्याच जागी खपली धरते. दोष मलमाच्या माथी मारला जातो. खरं तर चट्टा गेला तरी काही टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या पेशी, तिथेच मुक्काम ठोकून असतात.

त्यांना चेतवते आयएल-२३ (आयएल म्हणजे इंटरल्युकिन, पेशींनी एकमेकींना धाडायचं निरोपाचं प्रथिन). त्वचेला ओरखडा बसला, घशाला स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग झाला की डेन्ड्रायटिक पेशी (त्वचेतल्या पहारेकरी पेशी) टीएनएफ-अल्फा हे दाह भडकवणारं प्रथिन आणि आयएल-२३ सोडतात. मग टी-पेशींमधून आयएल-१७ बाहेर पडतं आणि त्वचेच्या पेशी सैरभैर वाढतात. तळापासून वर यायला एरवी सुमारे महिना लागतो, तो प्रवास ३ ते ५ दिवसांत उरकतो. पेशी कच्च्याच, केंद्रकासकट वर येतात. चंदेरी पापुद्रे त्यांचेच. शिवाय त्वचेच्या याच पेशी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावणारी रसायनं सोडतात, म्हणजे आगीत तेलच.

साखळी कुठे तोडायची, त्यावर इंजेक्शन ठरतं. उस्टेकिनुमॅब आयएल-२३ चा पी-४० हा तुकडा पकडतं. तो आयएल-१२ मध्येही असल्याने दोन्ही अडतात. गुसेल्कुमॅब फक्त आयएल-२३ च्या पी-१९ या तुकड्याला धरतं: १०० मिलिग्रॅम, सुरुवातीला, चौथ्या आठवड्यात, मग दर ८ आठवड्यांनी. सेक्युकिनुमॅब थेट आयएल-१७ए (आयएल-१७ चा एक प्रकार) वर: नेहमीचा डोस ३०० मिलिग्रॅम, पहिल्या दिवसापासून चौथ्या आठवड्यापर्यंत दर आठवड्याला, पुढे दर ४ आठवड्यांनी.

आयएल-१७ एरवी कॅन्डिडा बुरशीला आवर घालतं. ते अडवलं की तोंडात पांढरा थर येऊ शकतो. जीभ बघायला विसरू नये. क्रोन्स (आतड्याचा दाह) असेल तर आयएल-१७ अडवणारा हा गट टाळलेलाच बरा.

टीएनएफ अडवणाऱ्या औषधांत धोका सुप्त टीबीचा. क्षयाच्या गाठी बांधून ठेवायला टीएनएफच लागतं. आपल्याकडे छातीचा एक्स-रे आणि इग्रा (रक्ताची) किंवा मॅन्टू (त्वचेवरची) ही टीबीची चाचणी केल्याशिवाय पहिली सुई टोचूच नये. चाचणी पॉझिटिव्ह पण सक्रिय टीबी नसेल, तर प्रतिबंधक गोळ्या सुरू करून साधारण महिनाभर थांबतात.

मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी आठवड्यात फरक दिसतो, हीच त्यांची मेख. एकदम बंद केल्या की कधी कधी अंगभर पूभरले फोड उठतात. त्यात आयएल-३६ चा हात मोठा असतो. फोडांसोबत ताप आला तर ओपीडीच्या नंबरची वाट न पाहता त्याच दिवशी ॲडमिट व्हावं.