ईएसजी गुणांकाच्या आत काय दडलेले असते

जबाबदार गुंतवणुकीची चर्चा निघाली की पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार (इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ईएसजी’) हे तीन निकष एका दमात उच्चारले जातात आणि शेवटी गुंतवणूकदाराच्या हाती पडतो तो तिन्हींची सरमिसळ करून काढलेला एकच गुणांक. त्या एका आकड्यावर विसंबून पैसे गुंतवू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

फोक्सवॅगनचे प्रकरण पाहावे. चाचणी सुरू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरते उत्सर्जन कमी करणारे सॉफ्टवेअर या कंपनीने जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत बसवले होते. प्रत्यक्ष रस्त्यावर त्यांतील काही गाड्या नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत सोडत होत्या. हा प्रकार सप्टेंबर २०१५ मध्ये उघडकीस आला, आणि त्याच महिन्यात अशाच निकषांवर कंपन्या निवडणाऱ्या डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकाने याच कंपनीला वाहन उद्योगात अग्रस्थान दिले होते. पर्यावरणाची माहिती कंपनीनेच पुरवलेली असल्याने खोट दिसायची तर ती कारभारात. मतदानाच्या हक्कांपैकी जवळजवळ नव्वद टक्के हक्क पोर्श-पिएश कुटुंबे, जर्मनीतील लोअर सॅक्सनी राज्य आणि कतार यांच्याकडे एकवटलेले होते, त्यामुळे संचालकांना जाब विचारू शकेल असा स्वतंत्र आवाज तिथे फारसा उरलाच नव्हता. म्हणूनच मी तिन्हींपैकी कारभार आधी तपासते. बाकी दोन निकषांची आकडेवारी शेवटी त्याच हातांतून येते.

हे गुणांक देणाऱ्या मानांकन संस्थांचे आपसातही जुळत नाही. सहा संस्थांच्या गुणांकांची तुलना करणाऱ्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्यातील सहसंबंध (पूर्ण एकमत असेल तर १) सरासरी ०.५४ एवढाच आढळला. कोणत्या निकषाला किती महत्त्व द्यायचे, यावरून पडणारा फरक किरकोळ होता. निम्म्याहून अधिक तफावत एकच गोष्ट वेगवेगळ्या पद्धतीने मोजल्यामुळे आली होती. कामगारांची सुरक्षितता एक जण अपघातांच्या संख्येवरून ठरवतो, तर दुसरा सुरक्षा धोरणाचा कागद आहे की नाही, एवढेच पाहतो.

त्याहून गंभीर बाब अशी की अनेक गुणांक कंपनीमुळे जगाचे काय होते हे मोजतच नाहीत, तर जगातील बदलांमुळे कंपनीच्या नफ्याला किती धोका आहे हे मोजतात. भूजल उपसणाऱ्या कारखान्याला पाण्याची टंचाई भासणार नसेल, तर आसपासच्या विहिरी आटल्या तरी त्याचा गुणांक चांगला राहू शकतो. सामाजिक जबाबदारीच्या भावनेने पैसे गुंतवणाऱ्या माणसाची ही फसगत आहे, असे मला वाटते.

भागधारकाच्या मताला मात्र खरे वजन आहे. इंजिन नंबर वन या छोट्या फंडाकडे एक्सॉनमोबिल या अमेरिकी तेल कंपनीचे जेमतेम ०.०२ टक्के समभाग होते. तरीही मोठ्या निवृत्तिवेतन निधींच्या पाठिंब्यावर त्याने २०२१ मध्ये आपले तीन उमेदवार संचालक मंडळावर निवडून आणले. म्हणून फंड निवडताना त्याच्या नावातील ‘शाश्वत’ किंवा ‘हरित’ या विशेषणापेक्षा, गेल्या वर्षीच्या भागधारक सभांमध्ये हवामान, वेतन आणि संचालक नियुक्तीच्या ठरावांवर त्याने कोणत्या बाजूने मत दिले, त्याची नोंद मागवून वाचावी.