१९६६ ची पिकअप विकताना

पिकअप विकायची ठरली तेव्हा डोक्यात पहिला विचार आला तो रंगकामाचा. फोर्ड एफ-१००, सहा सिलिंडरची. हौद्यावरचा मूळ रंग उडून प्रायमर दिसायला लागलेला, बॉनेट उन्हानं पांढुरकं पडलेलं. रंगाचा एक हात मारला की चार पैसे जास्त येतील, हा माझा हिशोब. पण आमचे मिस्त्री म्हणाले, "विकायचीच आहे ना? मग हात लावू नका. नव्या रंगाखाली काय दडवलंय, हेच घेणारा आधी विचारणार."

पटलं, तरी जड गेलं.

मग मी गंजाचे फोटो काढले. या गाड्या कुठे सडतात ते ठरलेलं असतं: केबिनचे मागचे खालचे कोपरे, पायाखालचा पत्रा, दाराखालची पट्टी, बॅटरीच्या ट्रेखालचा भाग. माझ्या गाडीला ड्रायव्हरच्या पायाशी बोट जाईल एवढं भोक होतं. मॅट उचलून त्याचा फोटो काढला आणि जाहिरातीत दुसऱ्याच नंबरला टाकला. घरच्यांनी वेड्यात काढलं. चासी मात्र टणक होती, तिचेही फोटो खालून झोपून काढले.

"लास्ट किती?" एवढंच विचारणारे फोन ढिगानं आले. एकाला फक्त इंजिन हवं होतं, बाकीचं तो भंगारात घालणार होता. त्याला नाही म्हटलं. यात व्यवहार नव्हता, माझा हट्ट होता.

ज्यांनी घेतली ते गृहस्थ फडक्यात गुंडाळलेलं चुंबक घेऊन आले. पत्र्यावर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, जाड भरलेली असली की चुंबक धरत नाही. उजव्या मडगार्डवर एका जागी ते सुटलं; ती जागा मी आधीच सांगितली होती म्हणून वाचलो. मग त्यांनी गाडीच्या माहितीच्या पट्टीवरचा नंबर चासीवर कोरलेल्या नंबराशी ताडून पाहिला. 'एफ १०' नंतरचं अक्षर 'ए', म्हणजे गाडी २४० घनइंचाचं इंजिन घेऊनच कारखान्यातून निघालेली. इतकी वर्षं तो नंबर मी नुसता कागदावर उतरवत आलो होतो.

इंजिन गार ठेवा, गरम असलं की दोष लपतात, असं त्यांनी फोनवरच बजावलं होतं. आल्या आल्या हात लावून खात्रीही करून घेतली. दुसऱ्या सेल्फला लागली. थोडा निळा धूर आला आणि मिनिटभरात विरला. व्हॉल्व्हच्या सीलमधून रात्री झिरपलेलं तेल, दुसरं काही नाही. निळा धूर येतच राहिला असता तर बोलणंच संपलं असतं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं; सहाही सिलिंडर जवळपास सारखे.

चालवून बघतो म्हणाले तेव्हा मीच अडवलं. या सालच्या गाडीत ब्रेकचं सर्किट एकच. एका चाकाचा ब्रेक सिलिंडर गळला की पेडल थेट तळाला, आणि माझा मागचा एक ओलसर होता. टायरची नक्षी शाबूत, पण कडेवर '१२०९' म्हणजे २००९ च्या बाराव्या आठवड्यातले. आवारातच दोन चकरा मारल्या.

घासाघीस झाली ती ब्रेक आणि टायरवर. भोकाबद्दल मात्र एक पैसाही कमी मागितला नाही. ते बघूनच तर आले होते.

इसार घेतला, 'जशी आहे तशी' असं कागदावर लिहिलं, उरलेले पैसे खात्यात दिसल्यावर चावी दिली. गाडी त्यांच्या नावावर होईपर्यंत पिच्छा सोडला नाही. नाहीतर दंड आपल्या नावे येत राहतात.

पेट्रोलची टाकी केबिनमध्येच, सीटच्या मागे. जुनं पेट्रोल आदल्या दिवशी काढलं होतं, तरी दार उघडलं की तोच वास. पिकअप ट्रेलरवर चढली, पट्टे आवळून झाले, तेव्हा मला आठवलं. ओरडून सांगितलं, "चोक पूर्ण ओढू नका, प्लग ओले होतात. अर्धाच!"

त्यांनी काच खाली केली. "अर्धा म्हणजे किती?"

मी दोन बोटं दाखवली.